तक्रार बी त्यायची, उत्तर बी त्यायचंच

आमच्या गोंदियात आजपावतर सगळ्यात जास्त कागद कोनं नासवला असन, तं तो माह्या चक्कीसमोरच्या काकाजीनं. हे मी पैज लावून सांगतो. मी पैज लावली म्हंजे हरतोच, तरी बी सांगतो. नगर परिषदेत एक लोखंडाचं कपाट हाय, त्याले तिथले चपराशी काकाजीचं कपाटच म्हनतात. त्याच्यात दुसऱ्या कोनाचा अर्ज ठेवाचा असन तं पैले काकाजीचे चार काढून खिडकीत ठेवा लागतात. काकाजीनं सारी नोकरी रेल्वेच्या पार्सल हापिसात काढली. आल्यागेल्या पेटीवर कागद चिकटवाचा, नंबर टाकाचा, सही ठोकाची. रिटायर झाले, पन हात थांबला नाई. पेट्या संपल्या म्हनून मानसायले कागद चिकटवाले लागले. आमच्या जुन्या बाजारातल्या गल्लीत असं एक बी दुकान नाई का ज्याच्यावर काकाजीचा कागद चिकटला नाई, आनि माह्यावर तं इतके चिकटले का मी पार्सल असतो तं कवाचाच कलकत्त्याले पोचलो असतो.

आता माहं सांगाचं तं मी शाळेत गेलोच नाई असं नाई. तीन येळा गेलो. तिन्ही येळा आमची बकरी वर्गात घुसली म्हनून तिले वापस आनाले. तसं पाहिलं तं बकरी माह्यापेक्षा जास्त शिकली. सही तेवढी मले येते, ते बी बायकोनं शिकवली म्हनून. लगन झाल्यावर ती म्हने, "अंगठा लावनाऱ्यासंग मी बँकेत येनार नाई." सही येते, वाचता येत नाई. म्हंजे बंदूक चालवता येते, पन गोळी कोनाले लागली ते दिसत नाई. याच्यानं पुढं काय झालं ते सांगतोच.

धंदा माहा मिरची-हळदीच्या चक्कीचा. बापाची होती, त्यानं मले देल्ली, कारन मले दुसरं कायच येत नव्हतं आनि चक्कीले मालक काय शिकला ते समजत नाई. होळीच्या आगंमागं नवी मिरची आली का कामठ्याच्या बाया, इकडच्या तिकडच्या खेड्यातल्या बाया पोते घेऊन येत, आनि माही मशीन सकाळपासून जी सुरू होये ते अंधार पडेपर्यंत. तवा साऱ्या गल्लीत लाल हवा सुटे. कपड्याच्या दुकानातला सेठ लुगडं उलगडता उलगडता शिंके, गिऱ्हाईक भाव कराच्या आदी शिंके, आनि गनपतीच्या देवळातला पुजारी आरतीच्या मधातच नाक पुसे. समोरच्या माडीवर काकाजी आनि काकू राहत. काकूले दमा हाय हे गल्लीतल्या पोट्ट्यापासून म्हाताऱ्यापर्यंत साऱ्यायले ठाऊक. मले बी ठाऊक होतं. पन मशीन चालू झाली का काकू खिडकी लावून घे, मले ती दिसे नाई, आनि जे दिसत नाई ते मी मनावर घेत नाई, असा माहा स्वभाव. नालायक स्वभाव हाय, पन पक्का हाय.

माह्या बाजूले कोंबडीचं दुकान होतं आनि कोपऱ्यावर एक बँडपार्टी. आम्हा तिघायले काकाजी 'त्रिदोष' म्हनत. वात म्हंजे बँडवाला, कारन तो दिवसभर हवा फुके. पित्त म्हंजे कोंबडीवाला. आनि कफ मी. काकाजी म्हनत, "या बाजाराची प्रकृती तुम्ही तिघांनी बिघडवली आहे." बँडमास्तर बिचारा खुश झाला. त्याले वाटलं का काकाजीनं पदवी देल्ली. त्यानं महिनाभर आपल्या पोट्ट्यायले सांगतलं, "ढंग से बजाओ बे, हम वात हैं."

काकाजीचा पुरावा जमवाचा कारखाना वेगळाच. सकाळी धुतलेला पांढरा रुमाल माडीच्या कठड्यावर लटकवाचा, संध्याकाळी काढून त्याच्यावर तारीख लिवाची आनि प्लास्टिकच्या थैलीत बंद कराचा. माह्या मिरचीनं तो गुलाबी होये. काकूच्या लगनातले झाडून सारे रुमाल काकाजीनं असेच गुलाबी करून कपाटात लावले. बँडवाल्यासाठी खिडकीत पान्याचा गिलास. ढोल वाजला का पानी हाले, का काकाजी वहीत रेघ मारत. कोंबडीवाल्याचे पिसं पाकिटात. एकदा कोंबडीवाला रागानं म्हनला, "काकाजी, ये तो कबूतर का पंख है." काकाजीनं चष्मा लावून पाहिलं, पाकीट उघडलं, ते पीस काढून खिडकीबाहेर सोडलं, आनि पाकिटावर लिवलं, 'एक पीस वगळले.' असा मानूस. म्हंजे खोटं बोलत नाई, हाच त्याचा सगळ्यात मोठा तरास. खोटारडा असता तं दोन गोष्टी आपन बी हानल्या असत्या.

पन खरी मजा अर्ज लिवून झाल्यावर. काकाजी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, गल्ली ओलांडून माह्या चक्कीत येत. "दोन मिनिटं मशीन बंद कर. तुझ्याविरुद्धचा अर्ज आहे, ऐकून घे."

मी मशीन बंद करो. मिरचीवाल्या बाया पदर नाकाले लावून गोल बसत, जशा काय पोथी ऐकाले आल्या. मी एकदा विचारलं, "काकाजी, माह्यावरचा अर्ज मलेच काऊन आयकवता जी?"

"पाठीमागं केली ती चहाडी. तोंडावर वाचून केली ती तक्रार. काही दुरुस्ती असेल तर सांग."

"हे 'असह्य' म्हंजे काय?"

"सहन न होणारा."

"मंग बराबर हाय. पन तुमी मशीन नऊपासून लिवलं. मी आठलेच चालू करतो."

काकाजीनं पेन काढलं, नऊचे आठ केले, बाजूले बारीक सही मारली आनि म्हनले, "आभारी आहे." बाया हासून हासून मिरचीच्या पोत्यावर पडल्या. घरी गेल्यावर बायको म्हने, "आपल्याच गळ्याची दोरी आपनच नीट बांधून देल्ली, वा रे मालक!"

इतक्या वर्सात काकाजीच्या अर्जानं काय झालं म्हनान, तं काय बी नाई. साहेब येत, चाय पीत, शिंकत आनि जात. पन याच वर्सात बाजार बसत चालला, आनि तिथून सारी कहानी पलटली. पैले कसं, सनासुदीले गल्लीतून चालाचं म्हनलं तं खांदा पुढं घालून घुसा लागे. मंग बायपासकडं थंड हवेचे मोठे मोठे दुकानं निघाले. तिथं पायऱ्या आपोआपच चालतात, मानसाले फक्त उभं राहा लागते, आनि खरेदी नाई केली तरी हवा फुकट भेटते. जे तिकडं गेले नाईत ते घरी लोळून मोबाईलवर चप्पल बलावाले लागले. आमच्या गल्लीत एकेक शटर पडाले लागलं. मिठाईवाला गेला. भांड्याचा सेठ रायपूरले पोराजवळ गेला. शिंपी तं मशीन इथंच ठेवून गेला, म्हने येतो. अजून येऊनच रायला.

काकाजीचं म्हननं एकच, का चांगलं गिऱ्हाईक धुरानं, शिंकायनं आनि बँडानं पळालं. त्रिदोष हटवा, बाजार उभा राहते. आनि तेवढ्यात नगर परिषदेनं बाजाराचं सौंदर्यीकरन काढलं. काकाजीले वाटलं का देव पावला.

त्या सौंदर्यीकरनाचं काय सांगू? आदी गल्ली खोदली. खोदलेली गल्ली बुजवाले इतका टाईम लागला का तितक्यात आमच्याकडं धानाचे दोन पीक निघून गेले. गिऱ्हाईक खड्ड्यावरच्या फळीवरून चालत येये, एक हात हवेत, एक हात नाकाले. मंग फरशी बसवली, ते अशी का एका टोकावर पाय देल्ला तं दुसरं टोक उठून पान्याची पिचकारी मारते. दोन बाकडे बसवले, ते एकमेकाच्या इतके जवळ का समोरासमोर बसनाऱ्याचे गुडघे भांडतात. कारंजा केला, त्याले नळच जोडला नाई. आता त्याच्यात आलूवाला आलू ठेवते, थंड राहतात म्हने. खांबावर मोराच्या आकाराचे दिवे लावले. दिवसा जळत, अंधार पडला का इझत. गल्लीच्या तोंडावर मोठं गेट केलं आनि त्याच्यावर इंग्रजीत काहीतरी लिवलं. मले मराठी बी वाचता येत नाई, म्हनून मले त्याच्यानं काय फरक पडला नाई. गेटामधून टेम्पो शिरत नाई, एवढं मात्र न वाचता समजलं.

सारी गल्ली हासली. काकाजी हासले नाईत. सकाळी उठून घरच्या फडक्यानं ते मोर पुसत. मी म्हनलो, "काकाजी, मोराले आंघोळ घालून रायले का?" म्हनले, "हसू नकोस. माणसं यायच्या आधी घर पुसून ठेवावं लागतं."

मंग नगर परिषदेच्या साहेबानं सांगतलं, गल्लीच्या साऱ्या लोकायच्या सह्या असतीन तं त्रास देनारे धंदे हटवता येतीन. काकाजीनं रात न् दिवस बसून अर्ज लिवला आनि सह्या घ्याले निघाले. पैले कोनाकडं? माह्याकडं. तोंडावर वाचाचा नियम ना! पन ते होळीच्या आठ दिवस आदीचे दिवस. मशीन तापलेली, बायायची रांग गेटापर्यंत, आनि मी डोक्यापासून पायापर्यंत असा लाल का बायकोनं बी दोनदा विचारलं, "कोन तुमी?"

काकाजी म्हनले, "मशीन बंद कर. वाचून दाखवायचं आहे."

"आता टाईम नाई जी. गल्लीचा कागद हाय ना?"

"गल्लीचाच आहे. पण ऐकून घे. हा जरा वेगळा आहे."

"तुमी लिवला म्हंजे बराबरच असन. आना इकडं."

आता आमच्या गल्लीची रीत अशी हाय का कागद फिराले निघाला, मंग तो खांबाचा असो, नळाचा असो, नाई तं गनपतीचा, जो सही करत नाई तो गल्लीचा नाई. मी मागं कसा राहीन? मी सगळ्यात वरती, मोठ्या अक्षरात सही ठोकली, आनि लाल अंगठा फुकटात उमटला तो वेगळा. काकाजीनं खिशातून पेन काढलं. मंग त्यायनं सहीच्या बाजूले लिवलं का यानं आयकून घ्याले नकार देल्ला. ते बी मले नंतर समजलं. पुढं कोंबडीवाल्यानं माही सही पाहिली, म्हनला, "भाऊने किया है तो ठीकच होगा," त्यानं केली. बँडमास्तरनं त्याची पाहिली, त्यानं केली. आम्ही तिघायनं रांगेनं उभं राहून आपल्याच मढ्याले खांदा देल्ला.

पंधरा दिवसानं माह्या शटरवर नोटीस चिकटली. मी समजलो पोलिओच्या डोसाची. दोन दिवस तिच्यावरच थैली लटकवून धंदा केला. मंग एका मास्तरीनबाईनं मिरची देता देता थैली सारून वाचलं. "भाऊ, हे तुमची चक्की हटवाचं लिवलं हाय! हटवाची का नाई ते ठरवाले साहेबानं तुमाले बलावलं. उत्तर लिवून न्या लागन." चक्की गेली तं मी काय करीन हे मले समजेना. बापाचं नाव गेलं ते वेगळं, पन दुसरा धंदा कराले अक्कल लागते, आनि ते कुठं भेटते ते मले ठाऊक नाई.

उत्तर लिवा लागन. लिवन कोन? साऱ्या गोंदियात मले एकच मानूस आठवला. मी नोटीस घेऊन माडीवर चढलो.

काकूनं दार उघडलं. नोटीस पाहून काकाजीवर भडकली. "तुमच्यानंच झालं ना हे? आता बिचाऱ्याचं उत्तर कोन लिवन?"

"मीच लिहीन. आणखी कोण लिहिणार? त्याला लिहिता येत नाही."

"मंग तक्रार काऊन केली?"

"तक्रार खरी होती. आता उत्तर खरं लिहितो."

मले खुर्चीवर बसवलं, नवा कोरा कागद काढला आनि लिवाले लागले. मंग वाचून दाखवलं. का हा मानूस वडिलांपासून हा धंदा करते. का यानं मिरचीत कधी भेसळ केली नाई. का जिच्याजवळ कमी मिरची असते तिले हा कधी थांबवून ठेवत नाई, मोठ्या पोत्याच्या आदी तिचं काम करून देते. का याच्या चक्कीमुळं खेड्यातली बाई बाजारात येते, आनि आल्यावर बांगड्या बी भरते. मी आयकत रायलो आनि रडाले लागलो. इतका चांगला मानूस आमच्या गल्लीत राहते हे मले ठाऊकच नव्हतं! आतून काकू खोकत खोकत म्हने, "लय चांगलं लिवलं. भाऊ, तुमी जिंकता." काकाजीनं कागद घडी केला, आनि त्यायचं तोंड एकदम उतरलं. म्हनले, "हो. या उत्तरापुढं माझी तक्रार टिकायची नाही."

ठरल्या दिवशी दोघं एकाच ऑटोत बसून नगर परिषदेत गेलो. साहेबानं दोन्ही कागद समोर ठेवले. एकदा इकडं पाहे, एकदा तिकडं.

"ये दोनों एक ही आदमी का हँडरायटिंग है क्या?"

काकाजी उभे रायले. "तक्रार माझी. उत्तर त्याचं. अक्षर दोन्हीकडे माझं."

"और कम्प्लेंट पे ये पहला सिग्नेचर किसका है?"

मी म्हनलो, "माही हाय साहेब."

"कम्प्लेंट आपके ऊपर है!"

"गल्लीचा कागद होता साहेब. नाई कसं म्हनाचं?"

साहेबानं कपाळाले हात लावला आनि खो खो हासाले लागला. बाजूच्या टेबलावरचे बाबू आले, त्यायनं बी वाचलं, ते बी हासले. चपराशी दारातून डोकावून हासला. काकाजी मधात उभे होते, हात बांधून, इस्त्रीचा सदरा घालून, जसं काय मोरच पुसाले चालले. साहेब डोळे पुसत म्हनला, "काकाजी, ऐसे कागज पर कुछ नहीं होगा. जिसके खिलाफ है वही पहला अर्जदार! घर जाओ आप. आराम करो."

झालं! मी जिंकलो. दोन मिनिटं चूप बसलो असतो तं आज बी तिथंच असतो. साहेबानं फाईल बंद करता करता उगाच विचारलं, "वैसे आपको पर्सनली तकलीफ क्या है? घर में कोई बीमार है?"

काकाजी म्हनले, "खाजगी कारण सार्वजनिक अर्जात लिहायचं नसतं."

"अरे, है या नहीं?"

काकाजी खिडकीबाहेर पाहाले लागले. आनि तवा माह्या डोक्यात उजेड पडला. डोक्याले लय वर्स झाले होते, उजेडाले बी वाट सापडली नसन. माह्यावरचे इतके अर्ज मी माह्या कानानं आयकले. त्याच्यात रुमाल होते, पुजारी होता, देऊळ होतं, बाजार होता. काकूचं नाव एकदा बी नव्हतं.

मंग माहं हे तोंड. मी म्हनलो, "हाय ना साहेब. काकूले दमा हाय. माही मशीन चालू झाली का बिचारी खिडकी लावून घेते. मे महिन्यात बी. पंप जवळ घेऊन बसते."

हासनं बंद झालं. साहेबानं फाईल परत उघडली. काकाजी माह्याकडं वळले. इतके अर्ज केले पन ते माह्यावर कधी आवाज चढवून बोलले नव्हते, ते त्या दिवशी बोलले, "तुला कोणी विचारलं होतं?"

साहेबानं दमा लिवून घेतला आनि तिघायचे बी धंदे हटवाचा हुकूम काढला. चक्की गेली. नंतर लोक म्हने का मी लय मोठ्या मनाचा. खोटं हाय. मन मोठं असतं तं इतके वर्स त्या खिडकीसमोर मिरची कुटली असती का? मले फक्त चूप राहता येत नाई.

आता माही चक्की कामठ्याच्या रस्त्यावर, गावाबाहेर, धानाच्या बांधीजवळ हाय. शेजारी बगळे. बगळे शिंकत नाईत आनि अर्ज बी करत नाईत. धंदा अर्धा झाला, पन मी म्हनतो बरं झालं, मले पूर्न धंदा कधी सांभाळताच आला नाई. कोंबडीवाला आनि बँडवाला बी गल्लीतून उठले. त्रिदोष गेले. बाजाराची प्रकृती अशी सुधारली का बाजारच झोपला. मिरचीवाली बाई येत नाई, मंग तिचा नंबर लागेपर्यंत ती ज्या दुकानात टाईम काढे त्या दुकानात बी कोनी येत नाई. लुगड्याच्या सेठनं शटर अर्ध्यावर आनलं. बांगडीवाला दुपारी बसल्या बसल्या झोपते. आनि आता सारे काकाजीवर उखडले. "बुढ्यानं बाजार मारला," म्हनतात. सही करताना एकानं बी वाचलं नाई, आता साऱ्यायले वाचता येते. ज्या सेठच्या गादीवर काकाजी रोज पेपर वाचाले बसत, तो सेठ आता त्यायले पाहून पेपर घडी करून खाली ठेवते.

मागल्या महिन्यात मशीनचा पट्टा तुटला म्हनून मी बाजारात गेलो. दिवस बुडाले आला होता. गेटापाशी पाहतो तं काकाजी उभे. इस्त्रीचा सदरा, हात बांधलेले, आनि रस्त्यानं जानाऱ्यायले म्हनून रायले, "आत या. बाजार सुरू आहे. या." पन कसं म्हनून रायले, जसं काय कोनाच्या कानात सांगून रायले. सारा जन्म कागदावर बोललेला मानूस, त्याचा गळा कुठून निघन? मोटरसायकली जाऊन रायल्या, एक बी थांबत नव्हती.

मले पाहिलं, थोडे अवघडले. म्हनले, "ग्राहक म्हणून आलास?"

"हो जी. पट्टा पाहिजे."

"या." मले 'या' म्हनले! मंग खाली मान घालून म्हनले, "पट्ट्याचं दुकान बंद झालं."

मी म्हनलो, "काकाजी, असं म्हनलं तं मेलेला बी वळून पाहत नाई. पोटातून काढा. हे पाहा," आनि मी बोंब मारली, "या जीऽऽ या! लुगडे घ्या, बांगड्या घ्या, या माय, या मावशी!" आवाज पार गल्लीच्या दुसऱ्या टोकाले जाऊन वापस आला, कारन मधात अडवाले कोनी नव्हतंच.

काकाजीनं इकडं तिकडं पाहिलं. गळा साफ केला. आनि ओरडले, "या... माय."

"मोठ्यानं जी!"

"या मायऽऽ!" आवाज मधातच फाटला, कोंबड्याच्या पिल्लासारखा. बांगडीवाला दचकून उठला. आम्ही दोघं गेटाखाली उभे, एक अडानी आनि एक अर्जवाला, आनि रिकाम्या गल्लीत गिऱ्हाईक बलावून रायलो.

तेवढ्यात वरून कोनी हासलं. पाहतो तं माडीवर काकू. खिडकी सताड उघडी, दोन्ही हात कठड्यावर, आनि पोट धरून हासून रायली. "अवो, तुमाले येते का हे?" म्हने, आनि परत हासाले लागली. मी वाट पाहत होतो का आता खोकला येईन, आता ठसका लागन, आता आत जाईन. नाई आला. इतक्या वर्सात मी तिचं हासनं पुरं कधी आयकलंच नव्हतं. काकाजी मान वर करून पाहत रायले, ती थांबेपर्यंत.

मंग रस्त्याकडं वळले आनि परत बलावाले लागले. मी बी लागलो. त्या संध्याकाळी कोनीच आलं नाई.